या चुका टाळा: बॅटरी नुसती उतरतेय की म्हातारी झालीय?

आमच्या सोसायटीत कुणाचा फोन संध्याकाळपर्यंत टिकेनासा झाला की निदान ठरलेलं असतं: "बॅटरी गेली, बदलून टाक." पुष्कळदा बॅटरी ठणठणीत असते. चार्ज भराभर उतरणं हे एक दुखणं, आणि चार्ज साठवायची ताकदच घटणं हे दुसरं. पहिल्यावर सवयी बदलून उतारा पडतो, दुसऱ्यावर नाही. पण पहिल्यातल्या काही सवयीच पुढे दुसरं दुखणं ओढवून आणतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे असते ती उष्णता.

आधी माझीच चूक सांगतो. कासारवडवलीहून माजिवड्याला जाताना फोन स्कूटरच्या हँडलवर, मॅप चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर एप्रिलचं ऊन आणि खालून चार्जिंगची वायर. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असा पाऊण तास. एक दिवस स्क्रीनवर फोन तापल्याची सूचना आली आणि चार्जिंग थांबलं. मी वायरला शिव्या घातल्या; फोन बिचारा स्वतःला वाचवत होता. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीची आतली झीज उष्णतेनं वेगानं होते, त्यात ती पूर्ण भरलेली असेल तर आणखीच. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते किती होत असेल, हात लावून बघा. आता मी रस्ता निघण्याआधीच पाहून घेतो आणि फोन सॅकमध्ये टाकतो.

रात्रभर चार्जिंगची भीती मात्र लोक जरा जास्तच बाळगतात. आजचा फोन १०० टक्के झाल्यावर चार्ज घेणं स्वतःच थांबवतो. घात होतो तो उशीखाली ठेवून चार्ज करण्यानं, कारण गरमी बाहेर पडायला जागाच नसते. जाड कव्हर काढा, फोन टेबलावर ठेवा. बऱ्याच फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. दिवसभर ऑफिसात चार्जर हाताशी असेल तर ती चालू करून विसरून जा.

"पूर्ण संपू दे, मगच लाव" हा सल्ला वडिलांकडून आलाय. त्यांच्या काळातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना तो लागू होता. लिथियमला वारंवार शून्यावर नेणं उलट बाधतं. दोनदा ५०-५० टक्के भरलंत तरी हिशेबात एकच सायकल, म्हणजे पूर्ण १०० टक्के चार्ज वापरल्याची एक फेरी, धरली जाते, त्यामुळे मधे मधे थोडं चार्ज केल्यानं आयुष्य कमी होईल ही धास्ती नको. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० सायकलनंतर, आणि १५ पासूनची १००० सायकलनंतर, मूळच्या ८० टक्के ताकद राखेल अशी बनवल्याचं ॲपल सांगतं. म्हणजे रोज एक सायकल झाली तर अनुक्रमे सुमारे सोळा महिने आणि पावणेतीन वर्षं.

आता मावशी. ती दर दहा मिनिटांनी सगळे ॲप वर सरकवून फेकते, देवघर झाडल्यासारखी. तेच व्हॉट्सॲप पुन्हा शून्यातून उघडायला फोनला जास्त मेहनत पडते. त्यापेक्षा सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन कोण किती खातंय ते बघा. तिच्या फोनमध्ये चोर निघाला रिक्षा बोलवायचं ॲप. लोकेशन चोवीस तास चालू! परवानगी 'ॲप वापरताना फक्त' एवढीच ठेवली, आणि आता रात्री नऊलाही तिचा फोन जिवंत असतो.

रेंजकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. माझं ऑफिस घणसोलीला, आणि बसतो आम्ही तळघरात. तिथे एक दांडी येते-जाते. सिग्नल कमजोर असला की टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त ताकद लावतो आणि सारखा टॉवर शोधत राहतो. खिशात पडून असलेला फोन दुपारपर्यंत अर्धा रिकामा, स्क्रीन न उघडता! वायफाय कॉलिंग चालू केलं आणि ती तक्रार मिटली. ते नसेल तर अशा जागी विमान मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवा.

हे सगळं करूनही फोन ३० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडतो, चार्जरला लावताच पुन्हा २८ दाखवतो? मग बॅटरी बहुधा खरोखर म्हातारी झालीय. कॅमेरा उघडल्यासारखा जोर पडला की तिचं व्होल्टेज एकदम खाली येतं. इथे सेटिंग बदलून उपयोग नाही, बॅटरीच बदलायची. स्टेशनबाहेर निम्म्या किमतीत मिळते, मीही एकदा घेतली होती, आठ महिन्यांत ती फुगली.

फुगणं ओळखायची खूण म्हणजे मागचं झाकण कडेनं उचलल्यासारखं दिसतं, किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो. असा फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, टाचणी तर मुळीच टोचू नका. बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरी सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.