एक नियम, सहा परंपरा: दीड तासाचं वाचनसत्र कसं घ्यावं

जे वागणं आपल्याला नको असतं ते दुसऱ्याशी करू नये, किंवा जे हवं असतं ते दुसऱ्यालाही द्यावं, हा नियम जगातल्या बहुतेक धर्मपरंपरांत सापडतो. शाळेच्या भिंतीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो तक्त्याच्या रूपात फिरतो. लोक तक्ता वाचतात, "सगळे धर्म सारखंच सांगतात" म्हणतात आणि पुढे जातात. वागण्यात फरक पडायचा असेल तर ही वचनं मागच्यापुढच्या मजकुरासकट वाचायला हवीत आणि लगेच एखाद्या खऱ्या प्रश्नाला लावून पाहायला हवीत. नववी-दहावीचा वर्ग, सोसायटी, वाचनालयाचा गट, कुठेही हे सत्र घेता येतं.

माणसं बारा ते अठरा असावीत. याहून जास्त झाली तर दोन गट करा, नाहीतर चारच जण बोलतात. दोघा-तिघांत एक असे सहा कागद लागतात: ए-४ आकार, १६ पॉइंटचा टाइप. प्रत्येक कागदावर साध्या मराठीत वचन, त्याचं ठिकाण, आणि वचनाच्या आधीच्या व नंतरच्या चार-पाच ओळी छापा. या शेवटच्या ओळी जागा वाचवायला गाळल्या की सत्र फसतं, कारण चर्चेचा सगळा जीव त्यांच्यातच असतो. ग्रंथाचं नाव झाकून "ओळखा पाहू" करू नका. त्याची प्रश्नमंजुषा होते आणि वचन बाजूला राहतं.

पहिला कागद महाभारताचा. अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतात: "न तत् परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः", म्हणजे जे स्वतःला प्रतिकूल वाटतं ते दुसऱ्याशी करू नये. दुसरा धम्मपद या बौद्ध ग्रंथाचा, त्यातल्या दंडवग्ग या प्रकरणातल्या १२९ आणि १३० या गाथा: दंडाला सगळेच घाबरतात, म्हणून स्वतःवरून ओळखून कुणाला मारू नये, मारवू नये. तिसरा जैन दशवैकालिक सूत्राच्या सहाव्या अध्ययनातला: सगळ्या जीवांना जगायचं असतं, मरायचं नसतं. चौथा यहुदी परंपरेचा, तोरा या धर्मग्रंथातल्या लेवीय या पुस्तकातल्या १९:१८ आणि १९:३४ (अध्याय:ओवी). पाचव्यावर ख्रिस्ती परंपरेतली, बायबलच्या नव्या करारातली मत्तय ७:१२ आणि लूक १०:२५-३७. सहाव्यावर इस्लामी परंपरेतल्या सहीह बुखारी या संग्रहातली तेरावी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन: स्वतःसाठी जे आवडतं ते भावासाठी आवडेपर्यंत तुमच्यापैकी कुणी खरा श्रद्धावान होत नाही.

क्रमांक टाकताना आवृत्तीही लिहा. महाभारताच्या प्रचलित प्रतींत आणि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत अध्यायांचे आकडे जुळत नाहीत, हदीसांचे क्रमांकही आवृत्तीनुसार बदलतात. कुणी घरी जाऊन शोधलं आणि वचन सापडलं नाही, तर त्याचा सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो. गटात शीख किंवा पारशी कुणी असेल तर त्यांच्या परंपरेतलं वचन त्यांनाच निवडू द्या. देव न मानणारे असतील तर चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचं वचन जोडा. जन्मभर पाळता येईल असा एक शब्द कोणता, या शिष्याच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे आणि त्यात देवाचा आधार घेतलेला नाही.

सुरुवात प्रार्थनेने करू नका, पसायदानानेही नाही. ते कितीही जवळचं असलं तरी एका परंपरेच्या प्रार्थनेने आरंभ झाला की बाकीचे पाहुणे होतात. थेट वाचायला बसा. दहा मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं चर्चा, पस्तीस मिनिटं सराव आणि शेवटची वीस मिनिटं लिहिण्यासाठी.

चर्चेला तीन प्रश्न पुरतात. वचन "करा" म्हणतं की "करू नका"? त्यातला "दुसरा" कोण? आणि असं वागण्याचं कारण काय दिलंय? सर्वात जास्त वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्या. लेवीय १९:१८ मध्ये शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर असं आहे, पण तिथे संदर्भ आपल्याच लोकांचा आहे. सोळा ओव्यांनंतर तोच नियम तुमच्यात राहणाऱ्या परक्यालाही लागू होतो आणि कारणही येतं: तुम्ही मिसर देशात (इजिप्तमध्ये) परके होता. तक्त्यांवर बहुधा पहिलीच ओवी असते. लूकमध्ये "माझा शेजारी कोण?" असा थेट प्रश्न आहे, आणि उत्तरादाखल सांगितलेल्या गोष्टीत वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाच्या मदतीला येतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तुच्छ समाजातला माणूस. हदीसमधला "भाऊ" काही भाष्यकार श्रद्धाबंधूपुरता घेतात, काही सगळ्या माणसांपर्यंत नेतात. जैन सूत्र तर हलणाऱ्या आणि स्थिर अशा सगळ्याच जीवांपर्यंत पोचतं. हे फरक दिसले की "सगळं एकच" हे वाक्य आपोआप मागे पडतं. ते पडायलाच हवं, कारण माझ्या नियमातून कोण वगळलं जातं हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सरावासाठी रोजचा प्रश्न घ्या: वॉचमनच्या संडासाची सोय, घरकामाच्या बाईंना लिफ्ट वापरू न देणं, शेजारच्या मासळीच्या वासावरून होणारी कुरबुर. लाउडस्पीकर आणि मिरवणुका पहिल्या सत्रात नकोत. पाच मिनिटांत सभा दोन बाजूंत फुटते. प्रत्येकाने आपली कृती "मी"ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात लिहावी. "सोसायटी सोय करत नाही" हे चालणार नाही. "मी मीटिंगमध्ये गप्प बसलो" हे चालेल. मग तेच वाक्य समोरच्याच्या जागेवरून लिहायचं, त्याच्या अडचणींसह: बारा तासांची ड्यूटी, हातावरचं पोट, तक्रार केली तर नोकरी जाण्याची भीती. आता विचारायचं: त्या जागी मी असतो तर हे मला मान्य झालं असतं का?

नेमकी चूक इथेच होते. लोक स्वतःची आवड उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढतात. आपल्याला जेवताना आग्रह आवडतो म्हणून मधुमेह असलेल्या पाहुण्याला तिसरा लाडू वाढणं हा नियमाचा गैरवापर आहे. दुसऱ्यांची आवड वेगळी असू शकते, हा नाटककार बर्नार्ड शॉ यांचा आक्षेप याच चुकीवर आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ मध्ये दुसरी अडचण दाखवली: या नियमाच्या जोरावर गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालेल की माझ्या जागी तुम्ही असता तर शिक्षा नको म्हणाला असता. त्यावर उपाय असा, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या जागीही स्वतःला ठेवून पाहायचं. कृतीची झळ ज्यांना ज्यांना लागते त्या प्रत्येकाची जागा एकदा घेतल्याशिवाय सराव पुरा समजू नका.

त्यानंतर समोरच्याला प्रत्यक्ष विचारायचं. चेअरमनसमोर विचारलंत तर वॉचमन "चालतंय साहेब" एवढंच म्हणेल. एकट्याने, घाई नसताना, नेमकं विचारा: "ड्यूटीवर असताना संडासला कुठे जाता?" मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच येतं.

मधेच कुणीतरी "मग त्यांच्या धर्मात असं का करतात?" म्हणणारच. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या: नियम मोडल्याची उदाहरणं फक्त स्वतःच्या परंपरेतली द्यायची. संयोजकाने पहिलं उदाहरण स्वतः द्यावं. ते गुळमुळीत असेल तर पुढची सगळी तशीच येतात.

शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येकाने पंधरा दिवसांत करायची एक कृती लिहावी: कुणासाठी, काय, कोणत्या तारखेपर्यंत. "सगळ्यांशी प्रेमाने वागेन" असं लिहिलेला कागद परत द्या. पंधरा दिवसांनी अर्धा तास पुन्हा जमा, आणि काय केलं याच्या आधी, समोरचा माणूस काय म्हणाला ते विचारा.