सामाईक लायब्ररीचा कोड: कोणी वाचावा, कोणी बदलावा, कोणी प्रसिद्ध करावा

कोल्हापुरातील अनेक लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे ग्राहक आसपासचेच असतात: दूध संस्था, साखर कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमधील फौंड्री. दोन-चार ग्राहकांची कामे झाली की सगळीकडे लागणारा हिशेबाचा कोड वेगळा काढून त्याची सामाईक लायब्ररी केली जाते. त्या दिवसापासून तिच्यातील एक ओळ बदलली तरी परिणाम सर्व ग्राहकांच्या बिलांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिच्यावर कोणाचा किती अधिकार राहील, हे लायब्ररी वेगळी काढतानाच ठरवून घ्यावे.

‘प्रवेश द्यायचा की नाही’ असा एकच प्रश्न ठेवल्यास हमखास घोळ होतो, कारण येथे चार निरनिराळे अधिकार आहेत: कोड वाचणे, त्यात बदल करणे, नवी आवृत्ती प्रसिद्ध करणे आणि लायब्ररीच्या आतील भाग बाहेरून वापरणे. माझ्या मते कंपनीतील सर्व प्रोग्रामरना वाचन खुले असावे. बाकीचे तीन अधिकार मात्र मोजूनमापून द्यावेत. कोड वाचता आला नाही तर माणसे तेच फंक्शन स्वतःच्या प्रकल्पात पुन्हा लिहितात आणि लायब्ररी केल्याचा हेतूच फसतो.

एखाद्या बाहेरच्या कंत्राटदाराला काही भाग दाखवायचा नसेल, तर तो भाग स्वतंत्र रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास साठवण्याच्या जागेत, ठेवावा लागतो. सबव्हर्जन या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात फोल्डरनुसार वाचनाची परवानगी देता येते. गिट या तशाच साधनात ती सोय नाही, ज्याला रिपॉझिटरी वाचता येते त्याला तिचा पूर्ण इतिहासही मिळतो. त्यामुळे पासवर्ड किंवा ग्राहकांची माहिती लायब्ररीत कधीच ठेवू नये. नंतर फाइल काढून टाकली तरी ती इतिहासात राहते. चुकून पासवर्ड गेलाच, तर आधी तो बदलावा.

बदलाच्या अधिकारासाठी गिटहब या गिट रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावर ‘कोडओनर्स’ नावाची साधी मजकूर-फाइल वापरता येते. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे फोल्डरचा मार्ग, उदाहरणार्थ दूधदराच्या हिशेबाचा, आणि उजवीकडे ‘@’ चिन्हासह जबाबदार टीमचे नाव लिहितात. एकाच फाइलला अनेक ओळी जुळल्या तर सर्वांत शेवटची जुळणारी ओळ लागू होते, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि विशेष नियम खाली लिहावेत. ही फाइल नुसती ठेवून मात्र काहीही अडत नाही. तिच्यामुळे त्या टीमला रिव्ह्यूची, म्हणजे बदल तपासण्याची, विनंती जाते, एवढेच. मुख्य ब्रँचच्या (कोडच्या अधिकृत शाखेच्या) संरक्षण-नियमांत थेट पुश (तपासणीविना बदल चढवणे) बंद करावे, कोड-मालकाची संमती सक्तीची करावी आणि संमतीनंतर नवा कमिट (बदलाची नोंद) आल्यास जुनी संमती रद्द होईल असे ठेवावे. ॲडमिनलाही हे नियम डावलता येणार नाहीत, हा पर्याय आवर्जून निवडावा, कारण घाईच्या वेळी नियम मोडायची गरज बहुधा त्यालाच वाटते. कोडओनर्स फाइलची मालकीही त्याच टीमकडे द्यावी, नाहीतर ती फाइल बदलून कोणीही स्वतःला मालक करून घेईल. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी रिपॉझिटरीला हे ब्रँच-संरक्षण मिळत नाही. हिशेबाचा कोड सांभाळायचा असेल तर हा खर्च मी टाळणार नाही. प्रत्येक भागाला किमान दोन मालक हवेत. बिलाच्या आदल्या दिवशी एकटा मालक रजेवर असला की सगळे नियम गुंडाळून ठेवले जातात.

आता आतील भागाच्या वापराकडे वळू, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. समजा, लायब्ररीत फॅट आणि एसएनएफवरून (दुधातील फॅट सोडून इतर घन घटकांवरून) दुधाचा दर काढणारे मुख्य फंक्शन आहे आणि त्याच्या पोटात पैशांचे पूर्णांकन करणारे एक लहान फंक्शन आहे. एखाद्या संस्थेचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने सोय म्हणून ते लहान फंक्शन थेट वापरले. पुढे मालकाने दर काढण्यातील सुधारणेसाठी त्याच लहान फंक्शनची रीत बदलली. मुख्य फंक्शनच्या सर्व चाचण्या पास झाल्या, पण त्या संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाच्या बेरजेत मात्र फरक पडला आणि सचिवाला खिडकीवर उत्पादकांना उत्तरे देत बसावे लागले. येथे मालकाला दोष देता येत नाही, कारण आतला भाग कोणी बाहेरून वापरत असेल हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

यावर उपाय भाषेतच असतो. जावामध्ये २०१७ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून मॉड्यूलची कोणती पॅकेजेस बाहेर दिसतील ते जाहीर करता येते. सी-शार्पमध्ये ‘इंटर्नल’ हा शब्द आहे. गो भाषेत ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरमधील कोड बाहेरून आयात करू गेल्यास त्या भाषेचे बिल्ड-साधनच नकार देते. पायथनमध्ये नावाआधीची अधोरेखा हा केवळ संकेत आहे, सक्ती नाही, त्यामुळे तेथे रिव्ह्यूच अधिक काटेकोर करावा लागतो. सुरुवातीला सर्व काही बंद ठेवून मागणी येईल तसे एकेक फंक्शन खुले करावे. एकदा खुले केलेले फंक्शन बंद करायचे म्हटले की वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची मनधरणी करावी लागते.

नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे काम कोणाच्याही लॅपटॉपवरून होऊ नये. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या प्रचलित लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला घातक कोड उघडकीस आला. त्याला चालना देणारी बिल्ड-फाइल प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, पण गिट रिपॉझिटरीत नव्हती. म्हणून मंजूर झालेल्या टॅगवरून (कोडच्या ठरावीक स्थितीला दिलेल्या नावावरून) बिल्ड-सर्व्हरनेच, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकानेच, पॅकेज तयार करून खासगी रजिस्ट्रीत (पॅकेजांच्या साठ्यात) टाकावे आणि तेथे लिहिण्याचे टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) फक्त त्या सर्व्हरकडे ठेवावे. इतर प्रकल्पांना वाचण्यापुरते टोकन पुरते. एकदा वापरलेला आवृत्ती-क्रमांक दुसऱ्या कोडसाठी पुन्हा वापरू नये.

परवानग्या व्यक्तीला न देता टीमला द्याव्यात. इंटर्नशिप संपवून जाणारा विद्यार्थी असो किंवा पुण्याला नोकरी लागलेला सहकारी, त्याचे नाव टीममधून काढले की त्या टीममार्फत मिळालेला प्रवेश लगेच बंद होतो. वैयक्तिकरीत्या दिलेल्या परवानग्या मात्र वेगळ्या शोधून काढाव्या लागतात. बिल्ड-सर्व्हरचे टोकन कोणाच्या वैयक्तिक खात्यावरून काढले आहे का, हेही त्याच दिवशी पाहावे. तसे असेल तर ते खाते बंद होताच बिल्ड थांबते, म्हणून आधी कंपनीच्या सेवा-खात्यावरून नवे टोकन काढून ते चालते याची खात्री करावी आणि मगच जुने रद्द करावे.