जुन्या लढाऊ विमानांच्या जतनात यायचंय? आधी रंगाचा डबा बाजूला ठेवा

ॲडमिशनचे दिवस आले की कुणी ना कुणी मला विचारायला येतंच, "ताई, जुन्या विमानांचं काम कसं मिळतं?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, कॉकपिट असतो आणि त्यात आपण डायल पुसत बसलोय असं चित्र. प्रत्यक्षात सुरुवातीचा बराच काळ विमानाच्या पोटाखाली उताणं पडून कबुतरांची घाण काढण्यात जातो. हे ऐकूनही जो थांबतो, त्याच्यासाठी पुढचं लिहिते.

आपल्याकडची जुनी लष्करी विमानं दोन प्रकारच्या जागी सापडतात. थोडी संग्रहालयांत आहेत. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय, गोव्यात नौदलाचं, बंगळुरूला एचएएलचं, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचं, आणि २०२३ मध्ये चंदीगडला सुरू झालेलं हवाई दलाचं हेरिटेज सेंटर. बाकीची चौकांत, बागांत, कॉलेजांच्या फाटकाशी, लोखंडी खांबावर नाक वर करून उभी असतात. पालमला एकदा तरी जाऊन याच. तिथं वापिती आहे, ज्या जातीच्या चार विमानांवर १ एप्रिल १९३३ ला कराचीत आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी सुरू झाली. जपान्यांचं ओहका नावाचं आत्मघातकी रॉकेट-विमान आहे. आणि लिबरेटर हा अमेरिकी बॉम्बर आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. १९४८ मध्ये एचएएलच्या माणसांनी ती तिथंच उडण्याजोगी केली, बंगळुरूला नेऊन नीट बांधली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात, त्यांतली काही इथूनच गेलेली आहेत.

पण तुमचं पहिलं काम बहुधा खांबावरच्या विमानावर असेल. ही विमानं पावसानं जेवढी मरत नाहीत तेवढी रंगानं मरतात. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की संस्थेला विमान चकाचक हवं असतं. कंत्राटदार येतो, पॉलिश पेपर फिरवतो आणि बाजारातला इनॅमल मारून जातो. एका कॉलेजातल्या जेट ट्रेनरवर मी असे थर बघितले. पोटाच्या पत्र्याला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून. सगळीच्या सगळी रंगानं बुजली होती. आमच्याबरोबर हवाई दलातून निवृत्त झालेले एअरफ्रेम फिटर होते, आम्ही त्यांना सार्जंटकाका म्हणायचो. त्यांनी बांबूची काडी तासून एक भोक मोकळं केलं, तसं तपकिरी पाणी धारेनं बाहेर आलं. पावसाळा केव्हाच संपला होता. "आता इकडं बघ," म्हणत त्यांनी पॅनेलच्या कडेला नाणं वाजवत नेलं. खणखण, खणखण, आणि मग एकदम भद्द. तिथला रंग उचलला तर खाली पत्रा उरलाच नव्हता. पापुद्रे सुटलेल्या खारी बिस्किटासारखा थर थर फुगलेला, मधे पांढरी भुकटी.

ते असं का होतं, हे कळायला धातुशास्त्र लागतं. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्मनं शोधलेल्या ड्युरॅलुमिनच्या घराण्यातला तो, सुमारे चार टक्के तांबं घातलेला. तांब्यामुळे ताकद येते आणि तांब्यामुळेच गंज कणांच्या सीमांवरून आत आत शिरतो. म्हणून पुष्कळदा वरून शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ कवच दिलेलं असतं. पॉलिश पेपर मारणारा पहिल्यांदा घालवतो ते हे कवच. त्यात कुणीतरी पडलेल्या स्क्रूच्या जागी लोखंडी स्क्रू बसवला, ओल आली, की दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

मी आधी इथंच बडोद्यात, कलाभवनात मेटलर्जी केलं आणि मग फाइन आर्ट्सला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत हा विभाग १९५२ पासून आहे, देशातला या विषयाचा सगळ्यांत जुना. कमाटीबागेतल्या संग्रहालयात मी तासन् तास काढलेत. एकाच इमारतीत इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा असला की दमट हवेचं शत्रुत्व पुस्तकाबाहेर समजतं. ज्यांना बडोद्यात येणं जमत नाही त्यांनी नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आणि लखनौची एनआरएलसी ही जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा बघावी. विमानदुरुस्तीचा एएमई हा कोर्स करून या बाजूला येणारेही असतात. त्यांचे हात तयार असतात, पण सवयी मोडाव्या लागतात. उडणाऱ्या विमानाचा मेकॅनिक शंका आली की भाग बदलतो. आपल्याला तो जुना भाग राखायचा असतो.

घरची मंडळी काय म्हणतात तेही सांगून टाकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या गावात टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आत्या म्हणते, "अगं, नवी विमानं गावात बनतायत आणि तू भंगार पुसत बसतेस?" तिचं अगदीच चुकतं असं नाही. या कामाची जाहिरात 'विमान जतनतज्ज्ञ पाहिजे' अशी कधीच येत नाही. विज्ञान केंद्रांत क्युरेटर, इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेत कॉन्झर्व्हेटर, एखाद्या संस्थेचं तात्पुरतं कंत्राट, असं जोडून जोडून पोट भरतं. मधल्या काळात मूर्ती, तोफा, जुन्या गाड्या, जे येईल ते करायची तयारी हवी. परदेशात रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या कॉसफर्डच्या कार्यशाळेत शिकाऊ मुलं घेतात. तशी पद्धत आपल्याकडं यायला हवी, आणि निवृत्त फिटर हयात आहेत तोवरच यायला हवी.

या कॉसफर्डच्या कार्यशाळेचं एक काम मुद्दाम वाचा. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतून एक जर्मन डॉर्निअर बॉम्बर वर काढला. सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात होता. त्याला तंबूंत ठेवून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्याचे फवारे मारत राहिले, मीठ निघावं म्हणून. कुणी तो नवा करायला गेलं नाही. याच संस्थेच्या लंडनच्या संग्रहालयात नॉर्वेच्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेला हॅलिफॅक्स बॉम्बर आहे, तो जसा निघाला तसाच मांडलाय. मला व्यक्तिशः चकचकीत स्पिटफायरपेक्षा तो जास्त पटतो. उडतं विमान बघायला मलाही आवडतं, पण उडवायचं म्हटलं की सुरक्षेसाठी पत्रा, वायर, नळ्या बदलत जाव्या लागतात, आणि शेवटी जुनं किती उरलं हा प्रश्न विचारायचा राहतो.

रंगाखालचा रंग वाचायला शिका. हे काम मला सगळ्यांत आवडतं. आडोशाची, रुपयाएवढी जागा निवडायची, आधी फोटो, मग बारीक पेपर पाण्यात भिजवून गोल गोल, अगदी हलक्या हातानं. थर वलयांसारखे उघडतात. वरचे इनॅमल, खाली जुना रुपेरी, मग प्राइमर. मधेच एखाद्या आकड्याची किंवा गोल निशाणाची कड दिसते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या इंग्रजी विमानांच्या निशाणातून लाल रंग काढून टाकला होता, जपानी लाल गोळा समजून आपलेच लोक गोळी झाडतील म्हणून. असला दुरंगी गोल मिळाला तर विमान कुठं लढलं याचा धागा हाती लागतो. मात्र हिरवट-पिवळा प्राइमर दिसला की थांबा. त्यात क्रोमेट असतं आणि ते कॅन्सर करतं, कोरडं तर कधीच घासू नका.

जीव जाईल अशा आणखी दोन गोष्टी. इजेक्शन सीटची काडतुसं काढलीत असं लेखी मिळाल्याशिवाय कॉकपिटमध्ये पाय ठेवायचा नाही, मग समोर कितीही मोठा साहेब असो. आणि जुन्या डायलचे आकडे अंधारात चमकत नाहीत म्हणून ते निर्धोक समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं, रेडियम तिथंच असतं. त्याला अर्धं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच उघडायची नाही, पिशवीत बंद करून जाणकाराकडं द्यायचं. त्या मानानं किरकोळ, पण रोज लागणारी सूचना म्हणजे कॅनॉपीला, कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, थिनर किंवा स्पिरिट लावू नका. बारीक तडे जातात आणि ते पुन्हा बुजत नाहीत. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड.

कायद्याचा आधार फारसा नाही, हेही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला शंभर वर्षं व्हावी लागतात. बिकानेरच्या किल्ल्यात जुन्या हत्तीखान्यात पहिल्या महायुद्धातल्या डीएच-९ विमानांचे सांगाडे पडून होते. त्यातले दोन ब्रिटनला गेले, तेव्हा त्यांना शंभर झाली नव्हती. एक आज इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, दुसरा २०१९ मध्ये पुन्हा उडाला. दुसऱ्या महायुद्धातलं काहीही अजून या कायद्यात बसत नाही. ईशान्येच्या डोंगरांत विमानांचे अवशेष दिसले तर मात्र हात लावू नका, तिथं माणसंही असू शकतात. जागा नोंदवा, प्रशासनाला कळवा, आणि पुढे चला.

बडोदेकरांसाठी एक घरचं काम आहे. बडोद्याच्या देणगीवरून रॉयल एअर फोर्सच्या १२४ नंबरच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' नाव मिळालं होतं. १९४१ मध्ये उभी राहिलेली ही स्क्वाड्रन स्पिटफायर उडवायची, बिल्ल्यावर मुंगूस होतं. दांडिया बाजारातल्या कुणाच्या माळ्यावर त्या काळातल्या युद्धनिधीच्या पावत्या, फोटो, पत्रं निघाली तर रद्दीवाल्याला देऊ नका. विमानाचा अवशेष म्हणजे फक्त पत्रा नव्हे.

आणि सध्या घाई आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. सी-२९५ आली तशी ॲव्ह्रो ही जुनी मालवाहू विमानं जाणार. यातली पुष्कळ विमानं चौकांत आणि कॉलेजांत उभी राहतील. तुमच्या गावात एखादं येणार असं कळलं तर ते पोचायच्या आधी संस्थेला पत्र द्या. लॉगबुक आणि इंजिनाचं लॉगकार्ड विमानाबरोबर मागून घ्या, खांबाऐवजी छपराचा खर्च धरा, पोटाची भोकं दर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून घ्या, आणि रंगकामाला तुमची सही लागेल अशी अट घाला. ही शेवटची अट बहुतेक ठिकाणी खोडली जाते. तरी घाला.