एलईडी बल्ब पेटला नाही तर आधी उलटा करून बघा

गाडीतला छताचा नाहीतर नंबर प्लेटचा बल्ब काढून एलईडी टाकला आणि पेटलाच नाही की आपण लगेच दुकानदाराला शिव्या घालतो. थांबा जरा, एलईडीला प्लस-मायनस असतं, साध्या बल्बला नसतं, म्हणून काढून उलटा फिरवून बसवा, बऱ्याचदा तिथंच काम होतं.

१. घ्यायला जाताना जुना बल्ब सोबत न्या. पार्किंगच्या दिव्याला बहुतेक टी१० (छोट्या बल्बच्या मापाचं नाव) असतो, छताचा लांबट, ३१, ३६ किंवा ४१ मिमी, तो पट्टीने मोजा.
२. कव्हर लावायच्या आधी पेटवून बघा, नाहीतर परत क्लिपा उचकटत बसा (एखादी तुटतेच).

इंडिकेटरला मात्र नुसता एलईडी टाकू नका, करंट कमी खातो, गाडीला वाटतं बल्ब गेला आणि मग इंडिकेटर डबल स्पीडने टकटकायला लागतो.