पान पिवळं पडलंय, पण कुठे?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला डिजिटल इमेज प्रोसेसिंग घेतलं. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, घरचं चार एकर सोयाबीन आणि हातात एक मोबाइल. पिवळ्या पानांचे फोटो काढायचे, पिवळे पिक्सेल (फोटो ज्यांचा बनतो ते बारीक चौकोन) मोजायचे आणि पिवळा मोझॅक, म्हणजे आपल्याकडचा केवडा, किती टक्के पसरलाय ते सांगायचं, असा बेत होता.

प्रोग्राम चालला. मी हौसेनं आप्पांना लॅपटॉपवर दोन पानं शेजारी-शेजारी दाखवली. दोन्हींखाली जवळपास सारखेच टक्के. आप्पांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "आरं, ह्यो केवडा न्हाई. शिरा बग की, हिरव्यागार हायेत. चुनखडीच्या रानात असंच होतंय. लोह कमी पडलंय ह्याला."

केवडा पांढरी माशी पसरवते आणि त्यात पिवळे-हिरवे चट्टे पानभर कसेही विखुरतात. लोह कमी पडलं तर कोवळ्या पानात शिरांमधला भाग पिवळा पडतो, शिरा हिरव्याच राहतात. रंग तोच, टक्केही तेच, पण एकावर माशीचा बंदोबस्त हवा आणि दुसऱ्यावर ती फवारणी वाया. माझा प्रोग्राम पिवळं किती ते मोजत होता, पिवळं कुठे ते नाही. मग मी आधी रेषा शोधणाऱ्या फिल्टरनं शिरा वेगळ्या काढल्या आणि शिरांवरचा व शिरांमधला हिरवेपणा स्वतंत्र मोजला. तेव्हा कुठे दोन पानं वेगळी दिसू लागली.

या विषयात नव्यानं येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की निम्मं संशोधन फोटो काढतानाच होतं. पान खुडून पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यावरून पिक्सेलचे मिलिमीटर करता येतात. सकाळचं दव पुसून घ्या, नाहीतर ते चमकतं आणि प्रोग्राम त्याला पांढरा डाग समजतो. ऊन थेट नको. माझ्या पहिल्या फोटोंत पानाच्या कडेची सावली रोग म्हणून मोजली गेली आणि दोन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. आणखी एक, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवू नका. तिथे ते दाबून लहान केले जातात आणि बारीक ठिपके पुसले जातात. केबलनं मूळ फाइल घ्या.

तयार फोटोसंच वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पिकांच्या पानांचे 54,306 फोटो वापरून संगणकाला रोग ओळखायला शिकवलं होतं. त्याच संचातल्या फोटोंवर अचूकता 99.35 टक्के आली. बाहेरून घेतलेल्या फोटोंवर तीच सुमारे 31 टक्क्यांवर घसरली. संचातली पानं बहुतेक साध्या पार्श्वभूमीवरची होती. आपल्या रानात मागे माती, तण, दुसरी पानं, सगळंच असतं.

उपग्रहाच्या चित्रांकडे वळायचं असेल तर मोजमाप आपल्या ओळखीचंच आहे. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकराला चाळीस पिक्सेल. चित्रं फुकट मिळतात. लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेला एनडीव्हीआय पीक किती हिरवं आहे ते सांगतो, आणि नाथसागराचं पाणी किती मागे सरकलं तेही अशाच चित्रांवरून मोजता येतं. पण ऐन खरिपात ढग आडवे येतात. तेव्हा ढगांतून पाहू शकणारं सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं, ते समजायला मात्र वेळ लागतो.

सॉफ्टवेअरची काळजी करू नका. इमेजजे फुकट आहे, प्रोग्रामिंग न येताही त्यात क्षेत्रफळ मोजता येतं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पेशी मोजायला ते सर्रास वापरतात. हिस्टोग्राम (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल त्याचा आलेख) आणि थ्रेशोल्ड (एक सीमा ठरवून पिक्सेल दोन गटांत वाटणं) तिथेच हातानं करून बघा, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातून वापरायचा ओपनसीव्ही हा चित्रांसाठीचा तयार प्रोग्रामसंच यांकडे जा. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमानं वाचतं, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. माझी पानं एक पूर्ण दिवस निळसर दिसत होती. गणितात मॅट्रिक्स पक्कं करा, बाकीचं चालता चालता येतं.

आणि या खरिपात पन्नास पानं गोळा करा. प्रत्येक पाकिटावर तारीख, वाण आणि रान हलकं की भारी ते लिहा. लॅपटॉप उघडण्याआधी ती पाकिटं घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या शेतकऱ्यासमोर ठेवा आणि प्रत्येक पानाला काय झालंय ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या.