शरीरक्रियाशास्त्र शिकायला घेताय? समस्थितीपासून सुरुवात करा

प्राणिशास्त्राला नव्याने आलेल्यांना मी आवर्जून सांगते: एकेक शरीरसंस्था सुटी पाठ करण्याआधी समस्थिती, म्हणजे बाहेर काहीही बदललं तरी शरीर आतली परिस्थिती ठरावीक मर्यादेत कशी राखतं, ते समजून घ्या.

रक्ताचा सामू (pH) ७.३५ ते ७.४५, शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास, हे आकडे लक्षात राहतातच. माझा अभ्यास खरा मार्गी लागला तो प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारायला लागल्यावर. बदल कोणाला कळतो? निर्णय कुठे होतो? कृती कोण करतं? आणि ती थांबते कशामुळे? शेवटचा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे परिणामानेच मूळ कृतीला लगाम घालणं, नेमका तिथेच असतो. जेवल्यावर साखर वाढते, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, साखर उतरते आणि त्या उतरण्यामुळेच इन्सुलिनही कमी होतं. ताप हेही छान उदाहरण. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या तापमान-नियंत्रक भागाने लक्ष्य तापमानच वर नेलेलं असतं, म्हणून अंग तापत असतानाही थंडी वाजते.

पण स्थिर म्हणजे अचल नव्हे, हे मला उंटाने शिकवलं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी सहारात दाखवून दिलं की उन्हाळ्यात पाणी न मिळालेला उंट पहाटे ३४ अंशांपर्यंत थंड होतो आणि दुपारी अंग ४० च्या वर तापू देतो. घाम गाळायचा नाही, उष्णता साठवायची, रात्री सोडून द्यायची. पाणी मिळालं की हाच चढउतार जेमतेम २ अंशांवर येतो! म्हणजे पाणी राखण्यासाठी तो तापमानात सूट घेतो. म्हणूनच कुठलाही प्राणी अभ्यासताना त्याने काय जपलं आणि त्यासाठी काय सैल सोडलं, ते आवर्जून शोधा.

सामन मासा नदीत कल्ल्यांतून क्षार आत घेतो, समुद्रात त्याच कल्ल्यांतून बाहेर टाकतो. सरडा तर उन्हात किंवा सावलीत सरकूनच तापमान सांभाळतो. वर्तनही यंत्रणाच आहे, फक्त संप्रेरकं शोधत बसू नका.

समस्थितीला होमिओस्टॅसिस हे नाव अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये दिलं, मूळ विचार फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारचा. परीक्षेला एवढा इतिहास पुरतो.

मूत्रपिंड मात्र शेवटी घ्या. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून जेमतेम दीड लिटर मूत्र का उरतं, ते हे चार प्रश्न सरावाचे झाल्यावरच नीट उलगडतं.