व्हीआरवर (हेडसेटमधल्या आभासी जगात) पॉवर व्हीलचेअर चालवण्याची रुग्णाची चाचणी कशी घ्यावी

जॉयस्टिक रुग्णाच्या नेहमीच्या बाजूला, नेहमीच्याच उंचीवर लावा. जागा बदलली की हात अडखळतो आणि गुण उगाच जातात. हात थरथरत असेल तर डेड झोन (जॉयस्टिक जितकी हलली तरी खुर्ची हलत नाही तो भाग) आधी वाढवा.

पाच मिनिटं मोकळा सराव. मग ९० सेंमीचं दार, जागेवर वळणं, रिव्हर्स, १:१२ चा (१२ फूट लांबीला १ फूट चढ) रॅम्प आणि शेवटी नागपूरच्या सीताबर्डी बाजारासारखी गर्दी. प्रत्येक काम तीनदा. वेळेपेक्षा धडका मोजा. हेडसेटमध्ये अंतर कमी भासतं, त्यामुळे दाराला एकदा घासलं तर लगेच नापास नको. तीच चाल खऱ्या खुर्चीवर तपासा.

मळमळ वाटली किंवा घाम फुटला की थांबा. नागपूरच्या मे महिन्यात घाम उकाड्याचाही असतो म्हणा! कूलरचा झोत तोंडावर नको, दमट हवेने लेन्सवर वाफ धरते.